झीज वगळता

दादाभाऊंनी भिंतीचा फोटो काढायला मोबाइल वर धरला, तशी माझ्या कडेवरची हर्षाली त्याच्याकडे बघून छान हसली. तिला वाटलं, तिचाच फोटो काढतायत.

"वहिनी, बाळाला जरा बाजूला घ्या. डाग झाकला जातोय."

डाग म्हणजे हळदीचा हात. खाटेच्या डोक्याशी, कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर उठलेला. दहा महिन्यांत पिवळा फिका होऊन बिस्किटासारखा झाला होता. खाट टेम्पोत गेली आणि तो उघडा पडला.

आम्ही मंचरची खोली सोडत होतो. मला जुन्नरला एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, रक्त-लघवी तपासायची. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं होतं आणि आज रविवार. सुनीलचं काम नारायणगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, त्याला मंचर काय नि जुन्नर काय, अंतर जवळजवळ सारखंच. लेण्याद्रीच्या रस्त्याला खोली बघितली होती. तिथल्या मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पंचवीस हजार अनामत, आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." आमची इथली अनामत तीस हजार. ती हातात पडली की तिथं द्यायची, एवढा साधा हिशेब होता.

दादाभाऊ आमचे एजंट. रिकाम्या खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला सदा वाजत असतो, माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. घरमालक भगवंतशेठ भोसरीला राहतात. त्यांनी भाड्याचं सगळं दादाभाऊंवर टाकलेलं. खाली त्यांची आई राहते, साळुबाई. पण व्यवहारात आईला कोण विचारतंय.

दादाभाऊंनी खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर लिहायला लागले.

"रंगकाम नऊ हजार. नळ आठशे. झोळीनं हूक ढिला झालाय, त्याचे बाराशे. साफसफाई पंधराशे. सोडणीचे तीन हजार. झाले साडेपंधरा. तुम्हाला येतात साडेचौदा हजार. करा सही."

"सोडणीचे म्हणजे?"

"खोली सोडताय ना? अर्ध्या महिन्याचं भाडं आमचं. सिस्टीमच आहे तशी."

"घेताना एक महिन्याचं घेतलंत की."

"ते घेतानाचं, हे सोडतानाचं."

"दादाभाऊ, सोयरीक जुळवल्याचे पैसे घेतात हे ऐकून होते. मोडल्याचेपण घेतात होय?"

सुनीलला ठसका लागला. दादाभाऊ हसले नाहीत.

"जाऊ दे ना, जया," सुनील हळूच म्हणाला. "टेम्पो तासावर लावलाय. बाकीचे मी कुणाकडून तरी उसने घेतो."

सुनीलचा स्वभावच तसा. भाजीवाल्याने सुटे दिले नाहीत तर हाच त्याची माफी मागेल. पण ते तीस हजार कुठून आले होते ते त्यालाही माहीत होतं. माझं माहेर डिंभ्याच्या वर, धरणाच्या पलीकडे. माझ्या आईने, लंकाबाईने, तीन उन्हाळे बाळहिरडा विकून ते साठवले होते. कोवळा हिरडा झाडावरून उतरवायचा, उन्हात काळा पडेस्तोवर वाळवायचा, निवडायचा, मग पोतं डोक्यावर घेऊन खाली यायचं. तिच्या बोटांची पेरं अजून काळी आहेत. त्यातला अर्धा हिरडा मी पत्रिकेच्या पाठीवर सही करून देऊ?

"थांबा," मी म्हटलं आणि हर्षालीची फाइल काढली. लसीचं कार्ड, हॉस्पिटलचे कागद, त्यांच्या मागे करारनामा. दूध पाजताना एक हात मोकळा असतो. त्या मोकळ्या हातात धरून तो मी कितीदा वाचला होता. सुरुवातीला नुसतं काहीतरी वाचायला हवं म्हणून. मग पाठच झाला.

"कलम नऊ वाचा, दादाभाऊ."

"अहो, मीच टाइप करून घेतलाय तो. मला काय वाचायला लावता?"

"मग तर सोपंच जाईल."

त्यांनी कागद लांब धरला. "सदर मिळकतीची... नेहमीच्या वापराने होणारी झीज... हां, हे बघा, झीज! झीज... भरून द्यावी. स्वच्छ लिहिलंय. झीज तुम्ही भरून द्यायची."

झीज हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि मला हसूच आलं.

मला तो शब्द शिकवला होता खालच्या साळुबाईंनी. हर्षाली झाली तेव्हा माझी आई निघाली होती, पण डिंभ्याची एसटी दोन दिवस आलीच नाही. आई सातव्या दिवशी पोचली. तोवर या खोलीत मी, सुनील आणि वीतभर बाळ. सुनील तिला उचलायलाही घाबरायचा. साळुबाई गुडघे धरत धरत जिना चढून वर आल्या, डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "खा. बाळातपणात बाई लई झिजती. ही झीज घरच्यांनी भरून काढायची आसती. बाळातिणीनं न्हाई."

"तुम्ही कुठं घरच्या, मावशी? तुम्ही मालकीणबाई."

"मंग? घर माझं, त्यात तू बाळातीण. कोण झाले मी?"

पाचव्या दिवशी त्यांनीच पाचवी पुजली. खालून पाटा-वरवंटा आणवला, सुनीलच्या डोक्यावरून. पूजा झाल्यावर हळदीत हात बुडवला आणि बाळाच्या उशाशी भिंतीवर उठवला. मग एकदम दचकून माझ्याकडे बघितलं. "आगं बाई, रंग नवा दिलाय भगवंतानं! त्याला नगं सांगू. बोलत बसंल मला."

"नाही सांगणार," मी म्हटलं होतं. "शप्पत."

ते आठवतच मी दादाभाऊंना म्हटलं, "झीज आणि भरून द्यावी, यांच्या मधला शब्द गाळलात तुम्ही."

त्यांनी चष्मा लावला. "वगळता."

"काय अर्थ त्याचा?"

"वगळता म्हणजे..." त्यांनी मान हलवली. "म्हणजे धरूनच. सगळं मिळून."

सुनीलनेच तोंड उघडलं, बिचाऱ्याने. "नाय हो, दादाभाऊ. वगळता म्हणजे सोडून. झीज सोडून दुसरं काही नुकसान झालं, तरच आम्ही द्यायचं."

त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण तो माझ्याकडे बघून थांबला. मी त्याच्याकडे बघून मान डोलावली. दहा महिने मी तो करारनामा मोठ्याने वाचायचे, अंगाईच्या चालीत. हर्षाली झोपायची, आणि हा ऐकायचा म्हणजे.

"बरं, नळ?" दादाभाऊ म्हणाले. "नळ गळतोय त्याचं काय?"

मी मोबाइल काढला. खोलीत आलो त्या दिवशी आईला दाखवायला व्हिडिओ काढला होता. त्यात मी सात महिन्यांची गरोदर, धापा टाकत बोलतेय, 'आई, ही बघ मोरी, हा बघ नळ.' आणि नळ टप टप टप. 'वर हूक आहे बघ, झोळीला झाला.' हूक हलतोय. माझा आवाज ऐकून हर्षालीने मोबाइल चाटला.

"नळाचे आठशे गेले, हुकाचे बाराशे गेले," मी म्हटलं. "फरशी बघा. पहाटे उठून पुसलीय. तुम्हीच चप्पल घालून आत आलाय. साफसफाईचे पंधराशे लावायचे तर कुणाला लावू?"

दादाभाऊंनी खाली पायांकडे बघितलं.

"आणि सोडणीचं कलम दाखवा. पंधरा कलमं आहेत, एकातही नाही."

"ते तोंडी असतं."

"मग तोंडीच घ्या."

त्यांचा चेहरा आता लाल झाला. पेनाचं टोक त्यांनी भिंतीवरच्या हातावर टेकवलं. "आणि हे? हीपण झीज का? हा हात काय घासून घासून आला? सांगा ना. तुम्ही डोंगराकडची माणसं, भिंत दिसली की रंगवता. आमच्याकडं असलं चालत नाही, वहिनी. चारही भिंती एकसारख्या करायच्या म्हटलं की नऊ हजार लागतातच."

उत्तर जिभेवर होतं आणि तिथेच ठेवलं. शपथ घेतली होती मी. दहा महिन्यांत त्या म्हातारीने माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती.

"या एका हाताएवढ्या जागेचा रंग किती, ते सांगा," मी शेवटी म्हटलं. "तेवढे देते. चार भिंतींचे नाही. आणि डोंगराचं नाव काढू नका. तीस हजार डोंगरातूनच आलेत, ते घेताना तुम्हाला चाललं."

"तसं नाही होत. मी शेठलाच लावतो." त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. भगवंतशेठ बनियनवर, चहा पितापिता दिसले.

"शेठ, बघा भिंतीची काय दशा केलीय. हळद फासलीय. काहीतरी बाहेरचं करतात ही लोकं, उतारा-बितारा."

"कोणी मारला तो हात?" शेठनी विचारलं.

"यांनीच. दुसरं कोण?"

"तुम्ही मारला का हो, ताई?"

मी काय बोलणार? नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न आलाच. हर्षालीने माझी माळ ओढली. मी म्हटलं, "माझ्या मुलीसाठी मारलाय. तेवढ्या जागेचे पैसे मी द्यायला तयार आहे. रंगाचे नऊ हजार आणि सोडणीचे तीन हजार नाही."

तेव्हा जिन्यात आवाज आला. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. साळुबाई वर आल्या, दाराची चौकट धरून दम खाल्ला. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. जिन्यात सगळंच ऐकू जातं.

"सरक," त्या दादाभाऊंना म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही कशाला तरास घेतला..."

"सरक म्हन्ले ना."

त्या कोपऱ्याशी गेल्या, गुडघ्यावर हात देऊन वाकल्या आणि आपला उजवा हात त्या पिवळ्या हातावर ठेवला. तंतोतंत बसला. साळुबाईंचं मधलं बोट अर्धंच आहे, वरची पेरं कडबाकुट्टीत गेली. भिंतीवरचं मधलं बोटही अर्धंच होतं. खाट हलल्यापासून ते सगळ्यांसमोर तसंच होतं.

"धर रं त्यो फोन नीट," त्या म्हणाल्या. "भगवंता, दिसतंय का? कुणाचा हात हाये ह्यो?"

फोनमधला चहाचा कप तोंडाशीच थांबला. "आई, तू?"

"व्हय, मी. पोरीची पाचवी व्हती. तिची आई यष्टी न्हाई म्हून अडाकली व्हती. तुझ्या पाचवीला माझ्या सासूनं आसाच हात उठावला व्हता. तवा कुणी रंगाचं बिल न्हाई लावलं मला."

"अगं, पण मला सांगायचं ना."

"तू बोलशीन म्हून न्हाई सांगितलं. आन हिनं बी न्हाई सांगितलं. पैसं भरीन म्हन्ली, पर माझं नाव घेतलं न्हाई." मग त्या दादाभाऊंकडे वळल्या. "उतारा म्हन्लास व्हय रं? तुझ्या लेकाच्या पाचवीला कोन आलं व्हतं तुझ्या घरी? ईसरलास? जा, बघ जाऊन तुझ्या माजघरात. आसंल तिथं बी आर्धं बोट."

दादाभाऊंनी कमरेच्या चाव्या मुठीत धरल्या.

"मावशी, मी आपलं... घराची झीज म्हणून..."

"झीज?" साळुबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. "झीज घरच्यांनी भरायची आसती, बाबा. घर माझं हाये. रंग द्यायचा का न्हाई, त्ये मी ठरवीन. आन ह्या भिंतीला न्हाई द्यायचा."

फोनमधून शेठ म्हणाले, "दादाभाऊ, पूर्ण पैसे टाकतो मी त्यांना. तुमची ती सोडणी का काय, ती कशाबद्दल असते, मला एकदा नीट सांगा. मागच्या भाडेकरूकडूनपण घेतलीत का?" दादाभाऊंनी घाईघाईने स्पीकर बंद केला आणि 'नेटवर्क, नेटवर्क' करत गॅलरीत गेले.

मेसेज आला. तीस हजार. सुनीलने दोनदा वाचला, मग मला दाखवला, मग पुन्हा स्वतः वाचला.

दादाभाऊ परत आले तेव्हा मी त्यांनी इथेच टाकलेल्या पत्रिकेची पाठ पुढे केली. आकडे खोडून खाली एक ओळ लिहिली होती: अनामत पूर्ण परत दिली, कोणतीही वजावट नाही, झीज वगळता किंवा धरून. "करा सही," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. पत्रिका कुणाच्या लग्नाची होती ते मी नंतर उलटून बघितलं. त्यांच्याच पुतणीची होती. मी ती हर्षालीच्या फाइलमध्ये, लसीच्या कार्डामागे ठेवली.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दादाभाऊंनी चावीसाठी हात पुढे केला, सवयीने. मी त्यांना वळसा घालून साळुबाईंपाशी गेले, वाकले, आणि चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. साडेचार बोटांनी त्यांनी ती मुठीत घट्ट धरली. दुसऱ्या हाताने हर्षालीचा पाय धरून हलवला.

"जुन्नरला गेल्यावर पोरीला डिंकाचं लाडू देऊ नगं हां, तिला न्हाई पचायचं," त्या म्हणाल्या. "तू खा. तुझी झीज आजून भरली न्हाई."