शून्याचा मालक

संगणक कधी खोटं बोलत नाही, असं आमच्या शेतकी सोसायटीचे चेअरमन उद्घाटनाला ठणकावून म्हणाले. तोवर ते खरंच होतं; यंत्राची वायर अजून भिंतीपर्यंत पोचली नव्हती.

हे सत्त्याऐंशी सालचं, कर्जतमधलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. यंत्र चालवायची शकू, कल्याणला कोर्स करून आलेली. बियाण्याच्या कार्डांसाठी तिने सभासदांची यादी भरली. यंत्राच्या पोटात शब्द नाही, आकडा राहतो, म्हणून तिने सभासदांचे प्रकार ओळीने लिहून दिले: आधी मालक, मग कूळ. यंत्र मोजतं शून्यापासून. मालक झाले शून्य, कुळं झाली एक. कार्डावरही आकडाच उमटला.

पोशीरच्या कोंडाजींनी आपलं कार्ड उन्हात धरून दोन्ही बाजूंनी तपासलं. मग नदीकडच्या त्यांच्या खाचरावरचं कूळ, म्हणजे नामा, त्याचं कार्ड मागून पाहिलं.

“भाऊसाहेब, जमीन माजी, आन शून्यबी मीच? ह्यात काय तरी हाय.”

शकूने समजावलं की मोजणी शून्यापासून सुरू होते. कोंडाजींनी विचारलं, तुमच्या गोठ्यात पहिल्या म्हशीला शून्य म्हणतात का? मग आवाज उतरवून मला सांगितलं, की गेल्या सोमवारी नामाने या बाईला करवंदं दिलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. उद्या हाच कागद पुढे करून नामा खाचर घशात घालणार, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

तीन दिवस ते रोज आले. चौथ्या दिवशी शकूने प्रकारांच्या यादीत कूळ वर घेतलं, मालक खाली. आता मालक एक. शिवाय कोंडाजींच्या हट्टाने आकड्याऐवजी अक्षरात छापायचं ठरलं.

यादी फिरली. पण आधी भरलेले आकडे पोटात होते तसेच राहिले, आणि यंत्राने ते नव्या यादीप्रमाणे इमानदारीने वाचले. कोंडाजींच्या नव्या कार्डावर आलं ‘कूळ’. नामाच्या, ‘मालक’.

नामाने कार्ड दोनदा वाचलं, टोपी सारखी केली, आणि दरवर्षी खाचराचा वाटा मागताना कोंडाजी जे वाक्य त्याला ऐकवायचे ते तसंच परत केलं.

“कोंडाजीदादा, औंदा खंडाचं भात नीट वाळवून आणा.”

कोंडाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हळूच शकूच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

“बाय, माजं शून्य तेवढं परत दे. जमलं तर जरा ठळक छाप.”