मुंग्यांच्या पाठीमागची गोष्ट

मित्रांनो, मी एका जुन्या बालमासिकाचं पान आहे. अख्खं मासिक नव्हे, गैरसमज नको. एका बाजूला, म्हणजे पान तेवीसवर, माझ्याकडे वारुळाचं रंगीत चित्र आहे. दुसऱ्या बाजूला, पान चोवीसवर, एका गोष्टीचा पुढचा भाग. छापखान्यात माझं कौतुक झालं होतं, कारण मुंग्यांचा लाल रंग रेषेबाहेर गेला नव्हता. त्या काळी एवढ्यावर कौतुक व्हायचं.

पुढची बरीच वर्षं मी वाचनालयात काढली. मुलांनी मला चिकट बोटांनी उलटलं, एकाने मुंगीला मिशा काढल्या. तक्रार नाही. मग जागा पुरेना, तेव्हा वाचनालयाने आम्हा जुन्या अंकांचा गठ्ठा सुतळीने बांधून एका आईला देऊन टाकला.

ही आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घरीच शिकवायची. मुलीला भिंगरी म्हणत. का ते मला कळलं नाही, कारण ती दिवसभर एकाच खुर्चीत असायची. शाळेत एका बाकावर चार मुलं कोंबतात म्हणून आईने तिला तिथून काढलं होतं. इथे तिला अख्खं टेबल होतं, आणि फ्रिजवर वेळापत्रक. त्यात हिरव्या शाईने लिहिलं होतं : मोकळा वेळ, ४.१० ते ४.२५.

"सोनं आहे सोनं," गठ्ठा सोडत आई म्हणाली, आणि कात्री घेऊन बसली. विज्ञानाचं विज्ञानात, भूगोलाचं भूगोलात. गोष्टी आणि विनोद 'इतर' नावाच्या पिशवीत. मुंग्या विज्ञानात गेल्या. तिने पिठाची खळ शिजवली, माझ्या पाठीला थापली, जाड पुठ्ठ्यावर मला दाबून बसवलं आणि वर शब्दकोश ठेवला. तेव्हापासून माझं एक तोंड पुठ्ठ्यात.

मला भिंतीवर टांगलं. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा, काय छान शिकवता हो." मी मुंग्या दाखवत राहायचो. मागे श्वास घ्यायला जागा नव्हती.

चार दिवसांनी भिंगरीने पिशवीतून पान बावीस काढलं. घड्याळजीची मुलगी मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला जाते आणि मागे दार बंद होतं. खाली बारीक अक्षरांत : पुढे पान २४ वर.

"आई, चोवीस कुठंय?"

आईने पिशवी उपडी केली. मग सावकाश भिंतीकडे पाहिलं.

"मुंग्यांच्या मागे."

"मग ती बाहेर आली का?"

"आता कसं कळणार? असं कर, शेवट तूच लिही. दहा ओळी. कल्पनाशक्तीचा तास तसाही रिकामा होता."

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बूट काढता काढता म्हणाले, "पुठ्ठ्यात मुलगी अडकली म्हणे? तक्रार नोंदवा, माणूस पाठवतो."

"तुमचे विनोद त्या पिशवीत टाका," आई म्हणाली.

भिंगरीने शेवट लिहिला. मुलगी दोर सोडून उतरली. आईने शुद्धलेखन तपासून आणखी एक शेवट मागितला, मग आणखी एक. त्यांची फाईल झाली. रोज सकाळी भिंगरी माझ्यापाशी यायची आणि बोटाने पुठ्ठ्यावर टकटक करायची. मागे काय आहे ते मला पाठ होतं. सांगणार कुठल्या तोंडाने? जे मोकळं होतं त्याला फक्त मुंग्या ठाऊक.

सहावा शेवट आईने कौतुकाने बाबांना वाचून दाखवायला घेतला. 'मुलगी आत राहिली. तिला वरून मैदान दिसायचं. आधी ती हाका मारायची. पण खालचे लोक म्हणायचे, घड्याळ किती बरोबर चालतं. मग तिने हाका मारणं बंद केलं. ती रोज वेळेवर किल्ली द्यायची. तिला सवय झाली.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आईचं लाल पेन हातातच राहिलं.

बाबांनी या वेळी विनोद केला नाही. "लिफ्टमध्ये अडकलेला माणूस ओरडतोय तोवर आम्हाला काळजी नसते," ते म्हणाले. "गप्प झाला की पळावं लागतं."

दुसऱ्या दिवशी, गणिताच्या तासाला, आईने मला भिंतीवरून काढलं आणि परातीत कोमट पाणी ओतलं. खळ सुटायला वेळ लागला. मुंग्यांचा लाल रंग शेवटी रेषेबाहेर गेलाच. भिंगरी माझ्यावर वाकली आणि मी घाबरलो, कारण मला माहीत होतं.

तिने वाचलं : 'तिने दार ठोठावले. बाहेर पावले वाजली. कोणीतरी विचारले, "आत कोण आहे?"' त्याखाली चांदणी, आणि : उरलेली गोष्ट पुढील अंकी.

"एवढा खटाटोप करून हे?" आई म्हणाली.

"पण कोणीतरी विचारलं तरी," भिंगरी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पुढचा अंक वाचनालयात असेल?"

"असेल. नसेलही."

"बघून येऊ?"

आईने फ्रिजकडे पाहिलं. गणित अजून पस्तीस मिनिटं होतं.

"चपला घाल," ती म्हणाली.

मित्रांनो, जाताना त्यांनी मला गॅलरीतल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घातलं. मी सुरकुतलोय, मुंग्या फिकट झाल्यात, पण दोन्ही तोंडांना वारा लागतोय. चार पंचवीस केव्हाच होऊन गेले. दोघी अजून परतल्या नाहीत.

मासिकं जरूर कापा, चिकटवा, त्यांतून शिका. आम्ही त्यासाठीच आहोत. फक्त कात्री लावण्याआधी पान एकदा उलटा, आणि मागे कोण आहे ते विचारा.