ससाणीच्या पायातलं घुंगरू

मित्रांनो, हरभऱ्याच्या दाण्याएवढं एक जुनं पितळी घुंगरू तुमच्याशी बोलतंय, आणि ते चिडलेलं आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा घुंगराला कसला आलाय राग? पण ज्याला सगळं दिसतं, सगळं कळतं आणि 'छुन्' याखेरीज काही बोलता येत नाही, त्याच्या जिवाची काय तगमग होत असेल, जरा विचार करा!

ट्युनिस शहरातल्या एका कासाराने दोन चिमुकल्या वाट्या जोडून मला घडवलं, पोटात लोखंडाची गोळी टाकली आणि खमैस नावाच्या तरुण गवंड्याच्या हातावर ठेवलं. खमैस हवारियाचा. डोंगर जिथे थेट समुद्रात घुसतो तिथलं ते गाव. वसंतात ससाणे समुद्रापार जायला त्या डोंगरावर जमतात. तेव्हा गावातले शिकारी जाळं लावून एकेक मादी धरतात, तिला हातावर बसायला शिकवतात, तिच्याकडून शेतातले लावे धरून घेतात, आणि जूनमध्ये हंगाम संपला की तिला सोडून देतात. कायमची ठेवून घेत नाहीत. ती पाहुणी असते. माझं काम एकच. चामड्याच्या वादीने तिच्या पायात बांधून घ्यायचं आणि उभ्या गव्हात ती कुठे उतरली ते वाजून सांगायचं.

पहिल्याच वर्षी घात झाला. ससाणीला सोडायच्या दिवशी खमैस डोंगरावर उभा राहून वादीची गाठ सोडायला लागला. वारा बेफाम, बोटं चुन्याने फुटलेली. गाठ काही सुटेना. ससाणी फडफडली आणि माझ्यासकट उडून गेली. "जा बाई, घुंगरू तुला आंदण!" असं म्हणून हा हसतोय! दुसऱ्या दिवशी लोंबती वादी ऑलिव्हच्या फांदीत अडकली. ससाणी उलटी लटकली. मी दिवसभर वाजत होतो. मग ती हलायची थांबली, आणि मी गप्प झालो. एका मेंढपाळाने आम्हाला खमैसच्या घरी आणून दिलं, तेव्हा तो दांडगा गडी अंगणात बसून ओक्साबोक्शी रडला.

त्यानंतर त्याने कधी डोंगरावर गाठ सोडली नाही. सोडायच्या दिवशी पहाटे, घरच्या अंगणात, त्याची बायको मबरूका ससाणीला पंच्यात गुंडाळून धरायची आणि खमैस दातांनी गाठ सैल करायचा. मला खिळ्याला अडकवायचा, आणि मोकळ्या पायांची ससाणी सदऱ्यात घेऊन मुकाट्याने डोंगर चढायचा. मुलं तेव्हा अंथरुणात असायची. अशी चौतीस वर्षं गेली, मित्रांनो.

शिकारीचं वेड म्हणजे काय, ते मी त्याच्यात पाहिलं. मार्च उजाडला की भिंत बांधता बांधता याचे डोळे आभाळात. एकदा तर खिडकीची जागा सोडायचीच विसरला आणि वर घरमालकालाच म्हणाला, "हवा काय, दारातून येते की!" पण घरातलं कुणी आजारी असलं, तर त्याच खमैसला डोंगर दिसत नसे. मोठ्या मुलीला गोवर आला तेव्हा ऐन हंगामात अकरा दिवस तो घराबाहेर पडला नाही. मित्र दारात येऊन चिडवायचे, "काय रे, बायकोने तुझ्याच पायात वादी बांधली वाटतं!" तो म्हणायचा, "हो. आणि गाठ मीच घट्ट करून घेतलीय."

या मे महिन्यात, ससाणी घरात असतानाच, खमैस गेला. दुपारी जेवून लवंडला तो उठलाच नाही. आणि तिथून माझा छळ सुरू झाला.

त्याचा मुलगा लसाद ट्युनिसला शाळेत गणित शिकवतो. पोरगा गुणी, पण पाखराची चोच बघून दोन पावलं मागे सरणारा. बाप गेल्यावर तो घरी येऊन राहिला; ससाणीला लांबून चिमट्याने मांसाचे तुकडे द्यायचा आणि "बाबांची आठवण" म्हणून डोळे पुसायचा. अरे, आठवण काय, तिला भूक लागलीय! पण मी काय बोलणार? छुन्.

चाळिसाव्या दिवशी घर माणसांनी भरलं. कुसकुसच्या पराती आल्या, चहा फिरला, कुराण वाचून झालं. मग तिजानीला कंठ फुटला. हा चौकातल्या कॉफीच्या दुकानाचा मालक. बंदुकीने रानडुकरं मारतो, ससाणा कधी हातावर घेतलेला नाही.

"खमैस म्हणजे वाघ होता, वाघ!" तिजानी म्हणाला. "एका दिवसात शंभर लावे!"

खोटं! साफ खोटं! जास्तीत जास्त एकोणीस, त्यातले सात शेजारी वाटलेले. मुलांच्या पानात छातीचं मांस वाढून स्वतः पंख चोखत बसायचा, ते का नाही सांगत कुणी? माझ्या पोटातली गोळी नुसती थरथरत होती.

लसाद उठला. "आज ससाणीला सोडायचा दिवस आहे. बाबांनी सोडली असती, आता मी सोडणार. आणि बाबांचं घुंगरू तिच्या पायातच राहू द्यायचं. समुद्रापार जिथे ती जाईल तिथे बाबांचं नाव वाजत राहील."

"वाहवा!" तिजानीने डोळ्यांना रुमाल लावला. "काय बोललास पोरा!"

मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं. खोलीत दोन म्हातारे ससाणेवाले बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. एकाने तोंड उघडलं, दुसऱ्याने त्याचं कोपर दाबलं, आणि दोघं चहाच्या पेल्यात बघत राहिले. शोकाच्या घरात मुलाचा शब्द मोडायचा नाही, अशी तिथली रीत. रीत पाळली जाईल आणि ससाणी फांदीला लटकून मरेल, असा सगळा प्रकार. एवढा राग मला उभ्या जन्मात आला नव्हता.

मबरूका आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नसतो. आज ससाणी सोडायची ते तिला ठाऊक होतं, पण घुंगरासकट सोडायचं ठरलंय, ते तिच्या कानावर गेलंच नव्हतं.

लसादने जाड हातमोजा चढवला, ससाणीला कसंबसं उचललं आणि मंडळी निघाली. गर्दीने ससाणी बिथरली, पंख आपटू लागली, आणि मी वाजलो. घसा फुटेस्तोवर वाजलो. अंगणातून वाजत गेलो, दारातून वाजत गेलो, गल्लीत पोचलो तरी वाजतच होतो.

"लसाद! थांब!"

मबरूका दारात उभी होती. सोडायच्या दिवशी दाराबाहेर जाणारं घुंगरू चौतीस वर्षांत तिने ऐकलेलं नव्हतं.

तिजानी पुढे झाला. "वहिनी, आत जा. लोक काय म्हणतील? तुम्ही बाहेर यायचं नाही."

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या माणसाच्या नावाने हे पाखरू फासावर देताय तुम्ही!" आणि ती उंबरा ओलांडून अनवाणी गल्लीत आली. बायका दारात जागच्या जागी थिजल्या.

"आई, बाबांची आठवण..." लसाद पुटपुटला.

"आठवण नंतर. काढ तो हातमोजा. दोन्ही हातांनी पंख धर. घट्ट नको. अंडं धरतोस तसं."

"चावेल गं."

"चावू दे. तुझ्या बापाला चौतीस वर्षं चावली."

तिने डोक्यावरचा पदर ससाणीच्या तोंडावर टाकला, वाकली आणि गाठीला दात लावले. एरवी पाखरू धरणारी ती, दात लावणारा तो. आज तो नव्हता. गाठ सुटायला फार वेळ लागला. लसादच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, पण त्याने हात हलू दिला नाही. मग मी मबरूकाच्या तळहातावर पडलो. तिने मूठ मिटली, मुलाच्या सदऱ्यात ससाणी नीट ठेवली आणि म्हणाली, "आता जा. बोलू नकोस वाटेत."

ती घरात परतली. ती दाराकडे तोंड करून बसली. तिचा तळहात घामेजला होता.

बऱ्याच वेळाने लसाद परत आला.

"गेली?"

"गेली."

"कुठे बसली होती का?"

"नाही. सरळ समुद्रावर गेली."

"मागे वळून बघितलं तिने?"

"नाही गं आई. एकदाही नाही."

"मग तुझ्या बापासारखीच सोडलीस," मबरूका म्हणाली. चाळीस दिवसांत ती रडली नव्हती. आता रडली.

मित्रांनो, सांगायचं एवढंच. कुणाला जीव लावलात तर त्याला सोडायचा दिवसही येतो. त्या दिवशी भाषणं थोडी कमी करा आणि आधी खाली वाकून त्याच्या पायांकडे बघा.