उंदीरवाटेपुढचे दोनशे चाळीस हात

थोरल्याचं वागणं आईला मुळीच पसंत नव्हतं. गुहेच्या कचेरीत साहेब झाला, ठीक. गुहेवर पुस्तक लिहिलं, तेही ठीक. पण छापायला जायचे कागद त्याने शिपायाला वाचून दाखवले, ड्रायव्हरला दाखवले, सासुरवाडीला फोनवरून ऐकवले, आणि जन्मदात्रीने मागितले तर म्हणाला, "आई, त्यात सगळं दगडांचं आहे. तुला कंटाळा येईल."

तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईला कंटाळा येतो की नाही, हे तो आंघोळीला गेल्यावर तिने स्वतःच बघायचं ठरवलं. चष्मा चढवला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत गेली. चुनखडीत पाण्याने कोरत आणलेली गुहा, लढाईच्या दिवसांत तिच्यात लपलेली माणसं, खाणीत पहार मारताना वडिलांना सापडलेलं तिचं तोंड, आणि त्यांनी आपल्या हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत धरून, मोजलेला पहिला नकाशा. इथवर पोरगं बरं लिहीत होतं.

मग आलं: 'उंदीरवाट या अरुंद भोकापर्यंत वडिलांचं माप बोटभरही चुकलेलं नाही. तिथून पांढऱ्या दालनापर्यंत मात्र त्यांनी दोनशे चाळीस हात लिहिले आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या हाताने ते दोनशेच भरतात. शोधाच्या आनंदात माणूस थोडं वाढवून सांगतो.' आणि त्याखाली: 'आमच्या मातोश्री गुहेच्या तोंडाशी डबा घेऊन बसत.'

आईच्या डोक्यात तिडीक गेली. बाप थापाड्या आणि आई डब्याची राखणदार!

थोरला डोकं पुसत बाहेर आला.

"मोजपट्टी आण," ती म्हणाली.

"कशाला? आणि हे कागद कोणी काढले?"

"भुताने. पट्टी आण म्हटलं ना."

तिने बाही वर सारली, त्याच्या कागदांवरच हात आडवा टाकला. "मोज."

"पंधरा इंच."

"बाबांचा किती होता?"

"अठरा. पुस्तकात आहे."

"मग उंदीरवाटेपुढे कोणाचा हात गेला होता, ते का नाही पुस्तकात?"

मग तिने सांगितलं. बाबा त्या भोकात खांद्याशी अडकले होते. पाय धरून तिनेच मागे ओढलं, तेव्हा पाठ सोलून निघाली होती. ती एकोणीस वर्षांची, काडीसारखी. "तू जातेस का?" त्यांनी विचारलं, आणि ती गेली. दिवा पुढे ढकलायचा, कोपर टेकवायचं, पोटावर सरकायचं. दहा हात झाले की कमरेच्या सुतळीला एक गाठ. चोवीस गाठी झाल्या आणि डोक्यावरचा दगडच संपला. दिवा वर धरला तर छतापासून पांढरे सुळके लोंबत होते, टोकांना थेंब, आणि खाली कुणाच्या तरी जुन्या चुलीची राख. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला कोणी हाक मारत नव्हतं. ती तिथे उगीचच बसून राहिली होती.

"बाहेर आल्यावर बाबांनी गाठी मोजल्या आणि आपल्या हाताच्या म्हणून मांडल्या. म्हणाले, बायकोला बिळात घातली म्हणतील लोक, हे घरातच राहू दे. ठेवलं. सेहेचाळीस वर्षं ठेवलं. पण त्यांना थापाड्या म्हणशील तर नाही ठेवणार."

थोरल्याने कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. दोनशे चाळीस गुणिले पंधरा, भागिले अठरा. दोनशे. वर काही उरलं नाही. तो खुर्चीत बसला आणि त्या आकड्याकडे बघत राहिला. आईला वाटलं, आता कागद उलटून ती ओळ खोडेल.

"पटलं, आई," तो हळूच म्हणाला. "पण गुहेच्या दारावर बाबांच्या नावाची पाटी लागली आहे. परवा उद्घाटन. आता मध्येच तू कुठून आलीस, म्हणतील सगळे. असं करतो, वाढवून सांगितल्याचं काढतो, 'मापात किरकोळ फरक' लिहितो. झालं?"

"आणि डबा?"

"डबा राहू दे ना. वाचायला बरं वाटतं."

आईने बाही खाली केली, चष्मा घडी करून ठेवला आणि उठून उभी राहिली.

"मग ऐक. गुहेच्या तोंडाशी डबाबिबा कोणाचा नव्हता. तिथे टोपलीत तू होतास, दुपटी ओली करून बोंबलत. मी आत होते. तुझे बाबा त्या भोकात अडकले ते खांद्यांमुळे, त्याला इलाज नव्हता. तू सुरुंग लावून रुंद केलेल्या वाटेने, विजेच्या दिव्यात, कोट घालून गेलास, आणि तुझ्याच्याने एक ओळ पुढे सरकवत नाही. बाबांना निदान हिशेब कळला नव्हता रे. तुला कळला, माझ्या डोळ्यांदेखत कळला, आणि तरी तू डबाच ठेवलास."