बायकांच्या मापाचा डोंगरी बूट

गेलन ब्रेकी दरवर्षी डोंगरी बोकडाच्या शिकारीच्या परवान्यासाठी दोन अर्ज भरायचा, एक स्वतःच्या नावाचा आणि एक बायकोच्या. बायकोला विचारायची पद्धत त्या खोऱ्यात नव्हतीच. बायको म्हणजे सोडतीतली दुसरी चिठ्ठी. तिचं नाव निघालं तर नवरा डोंगरावर जाणार, बोकड पाडणार आणि परवाना मात्र तिचा दाखवणार. कायद्यात हे अजिबात बसत नाही, पण मोन्टानाच्या त्या कोपऱ्यात कायद्यात न बसणाऱ्या ज्या गोष्टी लोक राजरोस करतात, त्यांतली ही एक. त्यात बोकडाचा परवाना म्हणजे जन्मात एकदा लागला तर लागला. माणसं अर्ज भरता भरता म्हातारी होतात आणि मरतात.

त्या वर्षी बायकोचं, अर्लिसचं, नाव निघालं.

गेलन स्वयंपाकघरात नाचला. गुडघा दुखत असताना नाचला. गावातल्या कॅफेत सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, त्याला कॉफी पाजली, बंदूक कुठली नेणार म्हणून विचारलं. अर्लिस शेजारीच बसली होती. तिला कुणी ‘अभिनंदन’ एवढं एका शब्दानंही म्हटलं नाही. आता ही बाई काही लोकर विणत बसणारी नव्हती. लहानपणापासून बापाबरोबर रानात हिंडलेली, दर हिवाळ्याआधी स्वतः हरीण पाडून घरचा फ्रीजर भरणारी. दिवसभर शाळेची बस चालवायची, आणि त्या बसच्या काचेतून रोज सकाळी समोरच्या कड्यावर बोकडांचे पांढरे ठिपके दिसायचे. पूर्वी ती ते बघून न बघितल्यासारखं करायची. आता नजर तिथून हलेना. तिला जायचं होतं. तिलाच जायचं होतं. पण गेलन इतका खुशीत होता की त्याला हे सांगायचं म्हणजे पोराच्या हातातला लाडू काढून घेण्यासारखं. बोलू बोलू म्हणता म्हणता उन्हाळा अर्धा सरला आणि बूट घ्यायचा दिवस आला.

गाडीचं काम नुकतंच निघालं होतं, त्यामुळे पैसे बुटाच्या एकाच जोडापुरते होते. आणि बूट या विषयावर गेलनला अधिकारानं बोलता येत नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. दुकानापर्यंतच्या वाटेवर त्यानं अर्लिसला सगळं ऐकवलं. बूट सकाळी घ्यायचा नाही, दुपारनंतर घ्यायचा, कारण पाय दिवसभरात सुजतो. डोंगरात घालणार तेच जाड मोजे घालून बघायचा. टाच उचलली गेली तर फोड आलाच समज. आणि चढताना कुठलाही बूट गोड लागतो, त्याची परीक्षा उतरताना. उतारावर बोटं पुढे आपटली की नखं काळी पडून गळतात. अर्लिस निमूटपणे ऐकत होती. लग्न झाल्यापासून त्याचं व्याख्यान तिनं एवढं लक्ष देऊन ऐकल्याची ही पहिलीच वेळ असावी.

दुकानदार मर्ल स्ट्राउडनं गिऱ्हाइकांसाठी एक उतरती फळी ठोकली होती, वर दगड चिकटवलेली. गेलन तिच्यावरून एकेक जोड घालून चढला, उतरला आणि एकेकाला नावं ठेवत गेला. एकाचा तळ मऊ, म्हणाला, ही तर अंघोळीला जायची चप्पल आहे. एक घोट्याला चावत होता. एक अगदी नेमका बसला, पण त्याची किंमत वाचून गेलननं तो असा काही चटकन काढला, जणू आत विंचू होता. मर्ल हात चोळत मागे मागे फिरत होता आणि मनातल्या मनात शिव्या देत असणार.

तेवढ्यात खालच्या फडताळात गेलनला एक धूळ खाल्लेला खोका दिसला. आत बूट होता, अस्सल चामड्याचा, घोट्याच्या वर येणारा, तळ असा कडक की दोन्ही हातांनी वाकवला तरी जेमतेम वाकेल. त्यानं शिवण बघितली, चामडं हुंगलं, आतून बोट फिरवलं. किंमत निम्मी.

मर्ल हसत म्हणाला, “बायकांचा आहे तो. पडून राहिलाय. आपल्याकडच्या बायकांना डोंगरी बूट लागतो कशाला? त्यांच्या नावावर नवरेच जातात.”

गेलनला ते ऐकूच गेलं नाही. स्वस्त दिसलं की त्याचे कान बंद होतात. “निम्म्या किमतीत हा बूट सोडणारा माणूस ठार मूर्ख,” असं म्हणून त्यानं आपला भला मोठा पाय त्यात कोंबला. तो अर्धा आत गेला आणि तिथंच अडकला. मर्लनं टाच धरून ओढली, गेलननं खुर्ची धरून ठेवली, तेव्हा कुठं तो निघाला. मग बूट मांडीवर घेऊन गेलन हळहळत बसला. एवढा चांगला सौदा, आणि पाय आड आला.

अर्लिस शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिनं पायातला बूट काढला. आत जाड लोकरी मोजे होते. भर उन्हाळ्यात ती सकाळीच ते घालून निघाली होती.

“दे इकडे,” ती म्हणाली.

“तुला कशाला?”

“बोकड माझ्या नावावर आहे, गेलन. मी जाणार आहे. पाडणारही मीच.”

मर्लला एकदम मोज्यांची रास नीट लावायची आठवण झाली. गेलनचा चेहरा लाल झाला. कडा किती उभा आहे, वर थंडी किती, तुझे गुडघे काय म्हणतील, असं त्यानं भराभरा सुरू केलं. माझे गुडघे तुझ्यापेक्षा धड आहेत, असं तिनं सांगितल्यावर त्याचं घोडं अडलं.

“इतकी वर्षं अर्ज मी भरले,” तो म्हणाला.

“हो. त्यातल्या निम्म्यांवर नाव माझं होतं.”

तो अंगठ्यानं बुटावरची धूळ पुसत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “मला फार जायचं होतं गं.”

“ठाऊक आहे मला. मलाही फार जायचंय.”

त्यानं बूट तिच्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसला. पण अर्लिस लेस बांधायला लागली आणि वरपर्यंत सारखीच सैल बांधत गेली. गेलननं थोडा वेळ सोसलं, पण चुकीचा बांधलेला बूट डोळ्यांनी बघणं काही त्याला जमेना. तो कण्हत गुडघ्यावर बसला, सगळी लेस सोडली, तिला टाच मागे आपटायला लावली आणि घोट्याशी घट्ट गाठ मारून पुन्हा बांधली. मग फुरंगटूनच म्हणाला, “उतर आता फळीवरून.”

ती उतरली.

“बोटं?”

“मोकळी आहेत.”

“टाच?”

“हलत नाही.”

“मर्ल,” गेलन ओरडला, “यातल्या लेस पडून पडून कुजल्यात. नव्या दे, आणि त्यांचे पैसे मिळणार नाहीत.”

सप्टेंबरच्या शेवटी दोघं वर गेली. मांस खाली आणायला माणूस हवाच, म्हणून गेलनही निघाला, आपले जुने बूट घालून. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचा तळ सुटला. तो चिकटपट्टीनं गुंडाळून फरफटत चालला होता, पण तोंड चालूच होतं. वारा बघ, पाय बघ, अंतर बघ. शेवटच्या कड्याखाली अर्लिसनं मागे न बघता हात वर केला, आणि गेलन खरोखर गप्प झाला. बोकड कड्याच्या टोकावर उभा होता. तिथं गोळी घातली असती तर तो खोल दरीत गेला असता. ती पालथी पडून वाट बघत राहिली. तो सावकाश चरत सपाटीवर आला, आणि मग तिनं एकच बार काढला. गेलन दगडावर बसून हमसाहमशी रडला. वर तिच्यावरच ओरडला की, मला रडवलंस. मांस पाठीवर घेऊन उतरताना अर्लिसच्या पायाला एकही फोड आला नाही. गेलनच्या पायावर मात्र फोडांना जागा पुरली नाही.

गावात परतल्यावर तो लंगडत तिच्याबरोबर कॅफेत शिरला. कुणी पाडला, म्हणून विचारणा झाली.

“अर्लिसनं,” गेलन म्हणाला.

सगळं टेबल खो खो हसलं. कारण बायकोच्या परवान्यावर शिकार करून आलेला प्रत्येक नवरा हेच सांगतो, चेहरा अगदी असाच गंभीर ठेवून. एकानं त्याला डोळा मारला. गेलननं शपथ घेतली. दुसऱ्यानं सांगितलं की, वनखात्याच्या वॉर्डनपुढे मीही अशीच घेतली होती. गेलन उठून उभा राहिला, टेबलावर मूठ आपटली, ती कशी पालथी पडली, किती वेळ थांबली, सगळं रंगवून सांगितलं. ते म्हणाले, स्वतः केल्याशिवाय एवढं बारीक कुणाला सांगता येतं का. शेवटी त्यानं बूट काढून पट्ट्या बांधलेला पाय खुर्चीवर ठेवला. तो बघून तर सगळ्यांची खात्रीच पटली की डोंगर यानंच चढलाय.

“अगं, तू तरी सांग की यांना,” तो घामाघूम होऊन म्हणाला.

अर्लिस हकलबेरी या रानफळाची पेस्ट्री खात होती. तिनं आणखी एक तुकडा मागवला आणि खुर्चीत सरसावून बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा आपल्या बाजूनं असा जिवाच्या आकांतानं भांडताना ती पहिल्यांदाच बघत होती, आणि त्याला मध्येच थांबवायची तिला मुळीच घाई नव्हती.