हजीऱ्याहून आलेली पाहुणी

"हिच्या पोटात काहीतरी खोट आहे, मी सांगतो," बळवंतराव पुटपुटले. त्यांचं नाक माझ्या पंख्याला लागेल इतकं जवळ आलं होतं आणि श्वासाला बडीशेपेचा वास होता.

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे चित्र हलतं, ते रंगवायचं काम माझं. या घरातल्या सुधाताई मला 'पाहुणी' म्हणतात, म्हणून मीही पाहुणीच्याच तोंडानं बोलते.

जन्म लांबच्या कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ग्वाल्हेरात, हजीऱ्याला, हेमेंद्रच्या गेम खेळायच्या दुकानात. शाळा सुटली की पोरं धावत यायची आणि "इस वाली मशीन पे मैं बैठूँगा" म्हणून माझ्यासाठी भांडायची. कौतुक म्हणतात ते मी तेव्हा पोटभर खाल्लं. मग सगळ्यांच्या हाती मोबाइल आले, दुकान बंद पडलं, आणि मी डांबराच्या गोळ्यांसोबत बुटांच्या खोक्यात जाऊन पडले.

तिथून मला उचललं यशश्रीनं. तिचा कॉम्प्युटर तिनं स्वतःच जोडलेला. डबा एका बंद पडलेल्या ऑफिसातला, पडदा मामाचा, कीबोर्डची दोन बटणं गायब. चित्रं हलवायची विद्या ती व्हिडिओ बघून शिकली होती. एका स्टुडिओनं तिला नमुना म्हणून छोटी फिल्म मागितली होती. पसंत पडली तर नोकरी. पण तो जोडलेला कॉम्प्युटर अशा जड कामापुढे हात टेकायचा, आणि नवंकोरं कार्ड घ्यायची ऐपत नव्हती. राहिले मी.

बळवंतराव तिचे वडील. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासतात. मागे फिरवलेला मीटर त्यांना लांबून कळतो, आणि न फिरवलेलाही फिरवल्यासारखाच वाटतो. हेमेंद्रसमोर त्यांनी मला उलटीपालटी करून पाहिलं.

"रात-दिन चलाया होगा इसको," ते म्हणाले.

"भाईसाब, घर का माल है. हफ़्ता भर चलाके देखो. बस ये स्टिकर मत फाड़ना. फटा तो वापस नहीं लूँगा." हेमेंद्रनं माझ्या पाठीवरच्या स्क्रूवर पांढरा कागदी ठिपका चिकटवला. तो फाडल्याशिवाय माझे पंखे निघत नाहीत.

"घर का माल," बळवंतराव रस्ताभर घोळवत राहिले. "चोर दुसरं काय म्हणणार?"

ग्वाल्हेरातल्याच कंपू भागातल्या त्यांच्या घरी मी पोचले, तर दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. घराणं फौजेतलं. लढाया संपल्या तरी शस्त्रांची पूजा राहिली आहे. पाटावर पणजोबांची तलवार, शेजारी बळवंतरावांची टॉर्च, यशश्रीचा कीबोर्ड, आणि माझ्या खोक्यावर मी. पूजेचा मान सुधाताईंचा. त्या बळवंतरावांच्या थोरल्या बहीण. यशश्रीची आई लवकर गेली, तेव्हापासून पोरीला त्यांनीच वाढवलं.

त्यांचा हात तलवारीकडे निघाला आणि माझ्यावर आला. ओल्या कुंकवाचं बोट पंख्याच्या पात्यावर टेकलं, वर चिमूटभर भिजक्या अक्षता पडल्या. तलवार कोरडीच राहिली. यशश्रीनं बघितलं. बळवंतरावांनीही बघितलं. मग दोघंही एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"झालं का नीट?" सुधाताईंनी विचारलं.

"एकदम बढिया, आत्या," यशश्री म्हणाली.

वरवरचं कुंकू तिनं पुसलं. पण दोन-चार दाणे पंख्याच्या बुडाशी सरकले आणि तिथेच वाळले. मग काय व्हायचं? चित्र जरा जड झालं की पंखा खरखरून अडायचा, मी तापायची, आणि पडदा काळा. आठवडा असाच गेला.

या घरात संशयाला कमी नाही. बळवंतरावांचा संशय हेमेंद्रवर. सुधाताईंचा दिव्यांवर. "हल्लीच्या बल्बांत दमच नाही," असं त्या म्हणाल्या की बळवंतराव गुपचूप मोठा बल्ब आणून लावतात. आता स्वयंपाकघरात लग्नाच्या मांडवासारखा उजेड असतो, आणि चहात तरीही मीठ पडतं. तो चहा सगळे निमूट पितात. डोळ्यांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याच्यावरून जाताना दोघं बापलेक भाजीच्या भावाबद्दल बोलतात.

आज बळवंतरावांनी मला डब्यातून काढलं, नाक लावलं, आणि त्यांना पात्याच्या कडेला लाल डाग दिसला.

"बघ. पान खाऊन थुंकलाय तुझा तो हेमेंद्र. आज शेवटचा दिवस आहे, देऊन येतो परत."

"बाबा, दुसरं कुठून आणणार? उद्या फिल्म पाठवायची आहे."

"मग सांग, काय करू?"

यशश्रीचं नख स्टिकरच्या कडेपर्यंत गेलं. फाडायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण शेजारच्या खुर्चीवर मटार सोलत बसलं होतं.

"रहने दो," ती म्हणाली. "या देऊन."

मित्रांनो, आम्हां यंत्रांना फार काही लागत नाही. अधूनमधून धूळ झाडा. बिघडलो तर आधी उघडून बघा, मग आळ घ्या. बिघाड झाकून त्याच्याभोवती नुसते दिवे वाढवत राहिलं, तर तो बरा होत नाही. माणसांचं मला काय ठाऊक? पण त्यांचंही निराळं नसावं.

"पाहुणीला अशी उघडी नेतोस होय? दे इकडे, गुंडाळून देते," सुधाताई म्हणाल्या. मला मांडीवर घेऊन त्या जुन्या साडीचा तुकडा चाचपू लागल्या. तेवढ्यात त्यांचं बोट पात्यावरून फिरलं आणि थांबलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हे पान नव्हे. कुंकू आहे. आपल्याच डबीतलं."

"अगं ताई, त्यानंही केली असेल पूजा."

"आठवडाभर चोर होता. आता पूजा करायला लागला?"

बळवंतरावांच्या हातात स्कूटरची किल्ली खुळखुळत होती, ती गप्प झाली. सुधाताईंनी मला पालथं केलं, बोटांनी चाचपत तो ठिपका शोधला आणि यशश्रीचं बोट धरून त्यावर ठेवलं.

"फाड हे."

"आत्या, मग तो परत नाही घेणार."

"नको घेऊ दे. तलवारीच्या अक्षता मी हिच्या पोटात घातल्यात." त्या वरच्या लख्ख बल्बकडे तोंड करून बसल्या, डोळे न मिटता. "आणि बळवंता, हे दिवे बदलणं आता पुरे कर. मला दिसत नाही."