खिळ्यावरचा नान

कोरियाला दोन वर्षांसाठी निघायचं, म्हणून सकाळभर माझी धावपळ चालली होती. आईला एकटीला झेपणार नाहीत म्हणून कोंबड्या मावशीकडे सोडून घरी आलो आणि घाईघाईत भिंतीवरच्या खिळ्याचा नान उतरवून घास तोडला. आमच्याकडे जाणाऱ्याने एकच घास खायचा असतो. उरलेला नान टांगून ठेवतात, तो परत येऊन संपवायचा.

"गाढवा, तो इल्होमचा," आई म्हणाली. "तुझा ताटात आहे."

माझा भाऊ इल्होम रशियाला गेला त्याला सात वर्षं झाली, काही खबर नाही. तरी नान मऊ लागला होता.

मी ताटातला उचलला. त्याचा घास आधीच कुणीतरी तोडला होता. घरात आम्ही दोघंच.

आईने तो खिळ्याला टांगला.

"जाणारा गेला," ती म्हणाली. "इल्होम, तू आलास, आता बॅग रिकामी कर."